कार्यालयातील प्रिंट सर्व्हर सुरक्षित कसा करावा : सविस्तर मार्गदर्शन

कार्यालयातील कोणत्या सर्व्हरकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर प्रिंट सर्व्हर, म्हणजे सर्वांची छपाईची कामे घेऊन ती प्रिंटरकडे धाडणारा संगणक, हेच येईल. प्रिंट निघत असतात तोवर त्याची कोणाला आठवण होत नाही आणि निघेनाशा झाल्या की त्या सुरू होईपर्यंत दुसरे काही सुचत नाही. या दोन अवस्थांच्या मध्ये सुरक्षेचा विचार मागेच पडतो. प्रत्यक्षात हा सर्व्हर फार मोक्याच्या जागी बसलेला असतो. कार्यालयातील जवळपास प्रत्येक संगणकाला त्याच्यापर्यंत पोहोचण्याची मुभा असते, पगारपत्रकांपासून करारांपर्यंत सगळे कागद त्याच्यातून जातात, कर्मचाऱ्यांची यादी घेण्यासाठी तो डिरेक्टरी सर्व्हरशी (कर्मचाऱ्यांची खाती जेथे नोंदलेली असतात, त्या सर्व्हरशी) जोडलेला असतो आणि त्यावरील छपाईची सेवा बहुधा यंत्रातील सर्वोच्च अधिकारांनिशी चालत असते. ज्याला सगळे भेटू शकतात आणि ज्याच्या हातात सगळे अधिकार आहेत, असा हा सर्व्हर आहे.

हल्लेखोरांनी हे फार पूर्वीच ओळखले. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यात विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधील (छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या सेवेतील) एक दोष होता. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याच स्पूलरमधील ‘प्रिंटनाइटमेअर’ या दोषाने जगभरच्या प्रशासकांची झोप उडवली. २०२३ मध्ये पेपरकट या छपाई-व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील दोषाचा उपयोग खंडणीखोर टोळ्यांनी केला, तर सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्सवरील कप्स या छपाई-प्रणालीशी संलग्न घटकांतील दोषांची साखळी जाहीर झाली. यांपैकी प्रत्येक वेळी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, आला आणि तो लावणे आवश्यकच होते. परंतु ज्या कार्यालयांत प्रिंट सर्व्हरशी कोण बोलू शकते आणि तो काय करू शकतो, यावर आधीपासून मर्यादा होत्या, त्यांना पॅच लावायला पुरेशी उसंत मिळाली. म्हणून या लेखातील क्रम तसाच ठेवला आहे : आधी सर्व्हरचा पसारा आवरायचा, मग त्यातील प्रत्येक भाग पक्का करायचा.

काय काय चालू आहे, याची नोंद

सुरुवात एका साध्या यादीने करावी. कोणत्या यंत्रावर प्रिंट स्पूलर किंवा कप्स चालू आहे, त्यांपैकी किती यंत्रे खरोखर इतरांसाठी प्रिंटर सामाईक करतात, वर पेपरकटसारखे व्यवस्थापन सॉफ्टवेअर आहे का, त्याची नेमकी आवृत्ती कोणती, त्याचे उपसर्व्हर (मुख्य सर्व्हरच्या हाताखाली काम करणारे सर्व्हर) कोठे आहेत आणि प्रत्येक प्रिंटरचा आयपी पत्ता, मॉडेल व फर्मवेअर (यंत्रातील अंगभूत सॉफ्टवेअर) काय आहे, एवढे त्यात असले तरी पुरे. ही यादी आठवणीतून लिहू नये. नेटवर्क स्कॅन करूनच करावी. ५१५, ६३१ आणि ९१०० हे पोर्ट (नेटवर्कवरील जोडणीचे क्रमांकित मार्ग) जेथे जेथे उघडे दिसतील, तेथे छपाईशी संबंधित काहीतरी आहे असे समजून तपासावे. अशा स्कॅनमध्ये कोणालाच ठाऊक नसलेला एखादा जुना प्रिंट सर्व्हर हमखास सापडतो, आणि धोका बहुतेक वेळा त्याच्याकडूनच असतो. स्कॅन करताना एक काळजी घ्यावी : काही प्रिंटर ९१०० या पोर्टवर जे येईल ते कागदावर उतरवतात, त्यामुळे सेवा ओळखण्याची सखोल तपासणी त्या पोर्टवर टाळावी, अन्यथा निरर्थक अक्षरांची पाने निघत राहतात.

नेटवर्कची आखणी

संपूर्ण कामात सर्वाधिक मोबदला देणारी पायरी हीच आहे, म्हणून तिला वेळ द्यावा. सर्व प्रिंटर एका स्वतंत्र व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या पाडलेल्या आभासी भागात) ठेवावेत आणि त्या व्हीलॅनमध्ये जाण्याची परवानगी केवळ प्रिंट सर्व्हरला व प्रशासकांच्या ठरावीक संगणकांना द्यावी. कर्मचाऱ्यांचे संगणक सर्व्हरशी बोलतील आणि सर्व्हर प्रिंटरशी बोलेल. कर्मचाऱ्याच्या संगणकाने थेट प्रिंटरशी बोलण्याचे कारण उरत नाही. हे न केल्यास सर्व्हरवर कितीही कडेकोट बंदोबस्त केला, कार्डाशिवाय प्रिंट निघणार नाही असा नियम घातला, तरी कोणीही ९१०० या पोर्टवर सरळ काम पाठवून तो सगळा बंदोबस्त वळसा घालून ओलांडू शकतो.

सर्व्हरकडून प्रिंटरकडे जाणारे मार्गही मोजकेच असावेत. आयपीपी हा छपाईचा प्रोटोकॉल शक्य असेल तर ६३१ किंवा ४४३ या पोर्टवर कूटबद्ध स्वरूपात, नाइलाज असेल तर ९१००, आणि टोनर-कागदाची स्थिती वाचण्यासाठी एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलचा यूडीपी १६१, एवढ्यावर बहुतेक कार्यालयांचे भागते. ५१५ वरील एलपीडी हा छपाईचा जुना प्रोटोकॉल, तसेच प्रिंटरवरील टेलनेट आणि एफटीपी हे बंद करावेत. एखादे जुने यंत्र त्यांच्यावर अवलंबून असेल तर तेवढ्यापुरता अपवाद करून तो लिहून ठेवावा.

उलट दिशेचा विचार मात्र अनेकदा राहून जातो. प्रिंटरला कर्मचाऱ्यांच्या व्हीलॅनकडे स्वतःहून जोडणी सुरू करण्याची गरज नसते. त्याला ईमेलने स्कॅन पाठवायचे असेल तर केवळ मेल सर्व्हरकडे, फोल्डरमध्ये स्कॅन टाकायचे असेल तर केवळ त्या फाइल सर्व्हरकडे आणि घड्याळ जुळवण्यासाठी केवळ अंतर्गत वेळ-सर्व्हरकडे मार्ग द्यावा. इंटरनेटकडे जाणारा मार्ग बंद ठेवावा. टोनरचा पुरवठा करणाऱ्या कंपनीची दूरस्थ देखरेख करारात असेल, तर सगळे प्रिंटर बाहेर सोडण्याऐवजी एका मध्यस्थ यंत्रातून ती जोडणी द्यावी.

प्रिंट सर्व्हरचा आणि विशेषतः व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या वेब-पानाचा कोणताही भाग इंटरनेटवरून थेट दिसता कामा नये. घरून काम करणाऱ्यांना सोय हवी म्हणून हे पान उघडे ठेवण्याची मागणी येते, परंतु ती व्हीपीएननेच पूर्ण करावी. मोबाइलवरून छपाईची सोय देताना एमडीएनएसचे (जवळची यंत्रे आपोआप शोधण्याच्या पद्धतीचे) संदेश एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पोहोचवावे लागतात. तसे करताना केवळ प्रिंट सर्व्हरच्या रांगांची जाहिरात पुढे जाईल असे पाहावे, प्रिंटरांची नव्हे.

अद्ययावत आवृत्ती, आणि तीही वेळेत

पेपरकटचे उदाहरण येथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सीव्हीई-२०२३-२७३५० या क्रमांकाच्या दोषाला १० पैकी ९.८ इतकी गंभीरता देण्यात आली होती. सॉफ्टवेअर प्रथम बसवताना अखेरीस जे ‘सेटअप पूर्ण झाले’ असे पान दिसते, ते नंतरही उघडता येत होते आणि त्या पानावरून पासवर्ड न देताच प्रशासक म्हणून आत शिरता येत होते. आत गेल्यावर प्रिंटरसाठी लिहिता येणाऱ्या स्क्रिप्टची सुविधा चालू करायची, तिच्यावरील बंधन उठवायचे आणि हवी ती आज्ञा सर्व्हरवर चालवायची, असा तो मार्ग होता. कंपनीने ८ मार्च २०२३ रोजी २०.१.७, २१.२.११ आणि २२.०.९ या दुरुस्त आवृत्त्या उपलब्ध केल्या. प्रत्यक्ष हल्ले एप्रिलच्या मध्यास सुरू झाले. म्हणजे जवळपास पाच आठवडे औषध हाताशी होते. ११ मे रोजी अमेरिकेतील एफबीआय आणि सायबर-सुरक्षा संस्था सिसा यांनी संयुक्त सूचनापत्र काढले तेव्हा शिक्षणसंस्था या दोषातून खंडणीखोरांच्या तावडीत सापडत होत्या.

यावरून नियम असा घालून घ्यावा : प्रिंट सर्व्हरच्या गंभीर दुरुस्त्या डोमेन कंट्रोलरच्या (कार्यालयातील सर्व खाती व संगणकांची ओळख सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) दुरुस्त्यांइतक्याच तातडीने लावायच्या. व्यवस्थापन सॉफ्टवेअर कार्यप्रणालीच्या नेहमीच्या अपडेटबरोबर आपोआप अद्ययावत होत नाही, म्हणून त्याच्या उत्पादकाच्या सुरक्षा-सूचनांची ईमेल यादी एखाद्या व्यक्तीच्या नव्हे तर गटाच्या पत्त्यावर घ्यावी. अपडेटपूर्वी डेटाबेसचा बॅकअप घ्यावा, एका चाचणी-रांगेवर दोन्ही बाजूंनी छपाई, रंग आणि कार्डाने सोडलेले काम या तीन गोष्टी तपासाव्यात आणि मग मुख्य सर्व्हर अद्ययावत करावा. उपसर्व्हर मागे राहणार नाहीत याची खातरी करावी. आवृत्ती इतकी जुनी असेल की उत्पादक तिला दुरुस्त्या देतच नाही, तर ती बदलण्याचा खर्च सुरक्षेच्या नव्हे, नियमित देखभालीच्या खात्यात मांडावा. तो लवकर मंजूर होतो.

व्यवस्थापन सॉफ्टवेअरचे वेब-पान

व्यवस्थापनाचे पान आणि कर्मचाऱ्यांनी आपली शिल्लक किंवा कामे पाहण्याचे पान ही दोन्ही बहुधा एकाच पोर्टवर असतात. पेपरकटमध्ये ती ९१९१ आणि कूटबद्ध स्वरूपात ९१९२ वर असतात. त्यामुळे फायरवॉलने पोर्ट बंद करणे पुरेसे ठरत नाही. सॉफ्टवेअरमध्येच व्यवस्थापनाच्या पानासाठी परवानगी असलेल्या आयपी पत्त्यांची मर्यादा घालता येते, ती घालावी. उपसर्व्हरांसाठीही अशीच यादी असते आणि ती रिकामी ठेवणे म्हणजे कोणालाही उपसर्व्हर म्हणवून घेऊ देणे होय.

अंगभूत ‘अ‍ॅडमिन’ खात्याचा पासवर्ड लांब ठेवून तो पासवर्ड-तिजोरीत बंद करावा आणि रोजच्या कामासाठी प्रत्येक प्रशासकाला स्वतःचे, मर्यादित अधिकारांचे खाते द्यावे. मदत-कक्षातील व्यक्तीला अडकलेले काम रद्द करण्याचा अधिकार हवा असतो; स्क्रिप्ट लिहिण्याचा किंवा डिरेक्टरीची जोडणी बदलण्याचा नको असतो. द्विस्तरीय पडताळणी उपलब्ध असेल तर ती प्रशासकांसाठी सक्तीची करावी. स्क्रिप्टची सुविधा वापरात नसेल तर ती बंद ठेवावी आणि वापरात असेल तर तिच्यावरील बंधने उठवलेली नाहीत, हे संरचनेच्या नोंदीत स्वतः पाहावे.

सोबत येणारे स्वस्वाक्षरित (सर्व्हरने स्वतःच स्वतःला दिलेले) प्रमाणपत्र तसेच राहू देऊ नये. ब्राउझरचा इशारा रोज डावलण्याची सवय प्रशासकांनाच लागली, तर एखाद्या बनावट पानावरही ते त्याच सहजतेने पासवर्ड टाकतील. संस्थेच्या प्रमाणपत्र-प्राधिकरणाचे प्रमाणपत्र बसवावे, कूटबद्ध नसलेल्या पोर्टवरून येणाऱ्यांना कूटबद्ध पोर्टकडे वळवावे आणि २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघालेले टीएलएस १.० व १.१ हे कूटबद्धीकरणाचे प्रोटोकॉल बंद करावेत.

विंडोजवरील स्पूलर

प्रिंटनाइटमेअरचे मूळ ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलता यावे यासाठीचा प्रोग्राम) बसवण्याच्या सोयीत होते. कर्मचाऱ्याने प्रिंटर निवडला की त्याचा ड्रायव्हर आपोआप उतरावा, अशी ही सोय. पण ड्रायव्हर म्हणजे शेवटी चालणारा कोड, आणि स्पूलर तो ‘सिस्टम’ या सर्वोच्च खात्याच्या अधिकारात चालवतो. सामान्य वापरकर्त्याने ड्रायव्हर म्हणून आपली फाइल पुढे केली की यंत्र त्याच्या ताब्यात जात असे. मायक्रोसॉफ्टने १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार डीफॉल्टने केवळ प्रशासकांपुरता केला.

पुढे अनेक कार्यालयांत काय झाले, ते तपासणे हा या पायरीचा गाभा आहे. प्रिंटर जोडताना प्रशासकाचा पासवर्ड मागितला जाऊ लागल्यावर तक्रारी वाढल्या आणि त्या शांत करण्यासाठी रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगांच्या संग्रहातील) ‘रिस्ट्रिक्ट ड्रायव्हर इन्स्टॉलेशन टू अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ ही नोंद शून्य करून टाकण्यात आली. ती आजही कोठे शून्य आहे का, हे गट-धोरणात (एका ठिकाणाहून सर्व संगणकांना लागू होणाऱ्या सेटिंगांत) आणि प्रत्यक्ष यंत्रांवर पाहावे. ही नोंद १ ठेवण्याच्या तोडीचा दुसरा कोणताही उपाय किंवा उपायांचा संच नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्वतः नमूद केले आहे. कर्मचाऱ्यांची अडचण खरीच असते आणि ती सोडवण्याचा योग्य मार्ग वेगळा आहे : लागणारे ड्रायव्हर आधीच, मध्यवर्ती पद्धतीने सर्व संगणकांवर बसवावेत, म्हणजे प्रिंटर जोडताना पासवर्ड विचारण्याची वेळच येत नाही. त्याच बरोबर ‘पॅकेज पॉइंट अँड प्रिंट’च्या (सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवून घेण्याच्या पद्धतीच्या) मंजूर सर्व्हरांच्या धोरणात केवळ आपल्या प्रिंट सर्व्हरांची पूर्ण नावे लिहावीत.

जे संगणक प्रिंटर सामाईक करत नाहीत, आणि ते बहुसंख्य असतात, त्यांच्यावर ‘अलाउ प्रिंट स्पूलर टू अ‍ॅक्सेप्ट क्लायंट कनेक्शन्स’ हे धोरण निष्क्रिय करावे. त्यामुळे त्या संगणकावरून प्रिंट काढता येते, पण बाहेरून त्याच्या स्पूलरशी बोलता येत नाही. धोरण पोहोचल्यानंतर स्पूलर सेवा एकदा पुन्हा सुरू व्हावी लागते, हे लक्षात ठेवावे.

डोमेन कंट्रोलरवर आणि छपाईशी संबंध नसलेल्या प्रत्येक सर्व्हरवर स्पूलर सेवा थेट बंद करावी. कोणताही साधा डोमेन-वापरकर्ता एखाद्या यंत्राच्या स्पूलरला विनंती करून त्या यंत्राला हल्लेखोराच्या पत्त्यावर आपली ओळख पटवायला लावू शकतो, हे २०१८ मध्ये दाखवून देण्यात आले. ‘प्रिंटरबग’ या नावाने ते ओळखले जाते. डोमेन कंट्रोलरला अशी ओळख पटवायला लावणे म्हणजे संपूर्ण डोमेन धोक्यात घालणे होय. येथे एकच परिणाम ध्यानात घ्यावा : अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रसिद्ध केलेल्या, पण आता अस्तित्वात नसलेल्या प्रिंटरांची नावे काढून टाकण्याचे काम डोमेन कंट्रोलरचा स्पूलर करत असतो. तो बंद झाल्यावर ही साफसफाई अधूनमधून हाताने करावी लागते. एवढी किंमत मोजणे सर्वथा योग्य आहे.

सर्व्हरवरचे ड्रायव्हरही मोजकेच ठेवावेत. वर्षानुवर्षे साठलेले, यंत्रे मोडीत निघाल्यावरही राहिलेले ड्रायव्हर काढून टाकावेत आणि शक्य तेथे ड्रायव्हर स्वतंत्र प्रक्रियेत चालवण्याची सोय वापरावी. पुढची दिशा तर ड्रायव्हरविरहित छपाईचीच आहे. तृतीय पक्षाचे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केले आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट’ ही पद्धत आली, जिच्यात बाहेरचा ड्रायव्हर मुळीच चालत नाही. नवे प्रिंटर घेताना ते आयपीपीवर ड्रायव्हरविना चालतात का, ही अट खरेदीच्या पत्रातच घालावी.

लिनक्सवरील कप्स

२६ सप्टेंबर २०२४ रोजी जाहीर झालेल्या दोषांची साखळी समजून घेतली की कप्समध्ये काय आवरायचे ते आपोआप कळते. ‘कप्स-ब्राउज्ड’ ही सेवा नेटवर्कवरील प्रिंटर आपोआप शोधण्यासाठी असते. ती यूडीपी ६३१ वर सर्व पत्त्यांवर ऐकत असे आणि ‘येथे एक प्रिंटर आहे’ असे सांगणाऱ्या कोणत्याही संदेशावर विश्वास ठेवत असे. संदेशातील पत्त्यावर जाऊन ती त्या कथित प्रिंटरचे गुणधर्म मागवी. ते गुणधर्म न तपासता प्रिंटरच्या वर्णन-फाइलमध्ये लिहिले जात. आणि त्या फाइलीत ‘फूमॅटिक-रिप’ या फिल्टरसाठी एखादी आज्ञा घुसवलेली असली, तर कोणी त्या प्रिंटरवर काम पाठवताच ती आज्ञा सर्व्हरवर चाले.

प्रिंट सर्व्हरवर प्रिंटर प्रशासकाने स्वतः जोडलेले असतात, त्यामुळे आपोआप शोधण्याची गरजच नसते. ‘कप्स-ब्राउज्ड’ सेवा थांबवावी, यंत्र सुरू होताना ती चालू होणार नाही असे करावे आणि तिच्यावर काही अवलंबून नसेल तर पॅकेजच काढून टाकावे. फायरवॉलमध्ये यूडीपी ६३१ बंद करावा. त्याने टीसीपी ६३१ वरील नेहमीची छपाई अडत नाही.

त्यानंतर कप्सची मुख्य संरचना-फाइल उघडावी. तिच्यात ‘पोर्ट ६३१’ अशी ओळ असेल तर कप्स यंत्राच्या सर्व पत्त्यांवर ऐकत आहे. तिच्या जागी ‘लिसन’ लिहून पुढे लोकलहोस्ट आणि कर्मचाऱ्यांच्या बाजूचा एकच पत्ता द्यावा. ‘लोकेशन’च्या मूळ विभागात कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कलाच परवानगी असावी आणि व्यवस्थापनाच्या विभागात केवळ लोकलहोस्टला. प्रशासकाला दुरून काम करायचे असल्यास त्याने एसएसएचच्या (कूटबद्ध दूरस्थ जोडणीच्या) बोगद्यातून यावे. वेब-पान लागतच नसेल तर ‘वेबइंटरफेस’ला ‘नो’ करावे. सगळी कामे आज्ञांनी करता येतात. ‘एन्क्रिप्शन’ व्यवस्थापनासाठी अनिवार्य करावे.

कप्सचे व्यवस्थापन करू शकणाऱ्या गटात कोण आहे, हे अवश्य पाहावे. डेबियन आणि उबंटूवर तो ‘एलपीअ‍ॅडमिन’ नावाचा गट असतो आणि काही वेळा पहिल्या वापरकर्त्याला त्यात आपोआप घातलेले असते. २०१२ मध्ये आढळलेल्या एका दोषात या गटाचा सदस्य त्रुटी-लॉगचा मार्ग बदलून रूटची (लिनक्सवरील सर्वोच्च खात्याची) कोणतीही फाइल वाचू शकत होता. त्यानंतरच असे नाजूक निर्देश वेगळ्या फाइलीत हलवण्यात आले, जी केवळ रूटला बदलता येते. हा गट म्हणजे निरुपद्रवी सोय नव्हे, अर्धा प्रशासक आहे असे समजूनच त्यात माणसे ठेवावीत. एसईलिनक्स किंवा अ‍ॅपआर्मर या, प्रोग्रामला काय करू द्यायचे यावर मर्यादा घालणाऱ्या व्यवस्थांचे कप्ससाठीचे नियम कोणी पूर्वी एखादी अडचण सोडवण्यासाठी बंद करून ठेवले नाहीत ना, हेही याच वेळी तपासावे.

डिरेक्टरीशी जोडणी आणि सेवा-खाती

व्यवस्थापन सॉफ्टवेअरला कर्मचाऱ्यांची नावे वाचायची असतात, बदलायची नसतात. तरीही त्याच्यासाठी डोमेन-प्रशासकाचे खाते दिलेले आढळते, कारण बसवताना ते ‘लगेच चालले’. ते बदलून केवळ वाचनाचा अधिकार असलेले, कोठेही प्रत्यक्ष लॉग-इन न करू शकणारे स्वतंत्र खाते द्यावे आणि जोडणी ६३६ वरील एलडॅप्सने (डिरेक्टरी वाचण्याच्या एलडॅप प्रोटोकॉलच्या कूटबद्ध रूपाने) करावी.

छपाई, स्कॅन आणि प्रती काढणे एकत्र करणाऱ्या बहुउद्देशीय यंत्रांतही अशीच खाती साठवलेली असतात : पत्ते शोधण्यासाठी एलडॅपचे, स्कॅन टाकण्यासाठी फोल्डरचे, ईमेलसाठी मेल सर्व्हरचे. त्यांवरचा हल्ला इतका सोपा आहे की तो समजून घेण्यासारखा आहे. यंत्राच्या वेब-पानावर एलडॅप सर्व्हरच्या पत्त्याचा रकाना असतो. त्याखालच्या पासवर्डच्या रकान्यात ठिपके दिसतात, त्यामुळे तो वाचता येत नाही. पण हल्लेखोराला तो वाचायचा नसतोच. तो पत्त्याच्या जागी स्वतःच्या संगणकाचा पत्ता टाकतो आणि ‘जोडणी तपासा’ हे बटण दाबतो. यंत्र इमानेइतबारे साठवलेला पासवर्ड त्या संगणकाकडे पाठवते आणि जोडणी कूटबद्ध नसेल तर तो जसाच्या तसा पडद्यावर उमटतो. बचाव तिहेरी आहे : यंत्राच्या प्रशासक-पानाला पक्का पासवर्ड, यंत्राकडून बाहेर जाणारे मार्ग वर सांगितल्याप्रमाणे मोजके, आणि साठवलेल्या खात्याला इतके कमी अधिकार की ते हाती लागूनही फारसे काही साधू नये. स्कॅनच्या खात्याला फोल्डरमध्ये फाइल टाकता यावी, इतरांच्या फाइली वाचता येऊ नयेत.

प्रिंटरांच्या पासवर्डबद्दल एक ताजे उदाहरण पुरेसे आहे. जून २०२५ मध्ये असे जाहीर झाले की ब्रदर कंपनीच्या शेकडो मॉडेलांचा कारखान्यात ठेवलेला प्रशासक-पासवर्ड यंत्राच्या अनुक्रमांकावरून काढता येतो आणि विकल्या गेलेल्या यंत्रांत केवळ फर्मवेअर बदलून ते पूर्णपणे दुरुस्त होत नाही. म्हणजे पासवर्ड स्वतः बदलणे हाच उपाय. एसएनएमपीचे ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ हे सर्वश्रुत शब्दही बदलावेत, लिहिण्याचा अधिकार बंद करावा आणि प्रिंटर व सर्व्हर दोघांनाही जमत असेल तर तिसऱ्या आवृत्तीवर जावे.

थांबलेले आणि छापून झालेले दस्तऐवज

छपाईची वाट पाहणारे काम सर्व्हरच्या डिस्कवर फाइल म्हणून असते. विंडोजवर ते स्पूल फोल्डरमधील ‘प्रिंटर्स’ या उपफोल्डरमध्ये दोन-दोन फाइलींच्या जोडीने दिसते : एसपीएल फाइलीत मजकूर आणि एसएचडी फाइलीत ते कोणी, कोणत्या नावाने पाठवले याची माहिती. कप्समध्येही ‘सी’ आणि ‘डी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या अशाच जोड्या असतात. विंडोज हे काम छापून झाल्यावर पुसते, मात्र रांगेच्या गुणधर्मांत ‘छापलेले दस्तऐवज ठेवा’ ही खूण केलेली असेल तर पुसत नाही. ती खूण प्रत्येक रांगेवर तपासावी. कप्स मूळ मांडणीत दस्तऐवज छापल्यानंतरही ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस ठेवून देते. ‘प्रिझर्व्हजॉबफाइल्स’ला ‘नो’ केले की ते लगेच काढून टाकले जातात. मनुष्यबळ विभागाची पत्रे ज्या सर्व्हरवरून छापली जातात, तेथे हा बदल त्याच दिवशी करावा. सर्व्हरची डिस्क कूटबद्ध असावी आणि स्पूल फोल्डर बॅकअपमधून वगळावा, अन्यथा पुसलेले दस्तऐवज बॅकअपमध्ये वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

कार्ड दाखवल्यावरच प्रिंट सोडणारी व्यवस्था असेल तर न सोडलेली कामे काही तासांत आपोआप पुसली जावीत. १२५ किलोहर्ट्झची जुनी कार्डे केवळ एक क्रमांक उच्चारतात आणि त्यांची नक्कल सहज होते. ती बदलेपर्यंत सोबत पिन मागावा.

लॉग

विंडोजवरील छपाईचा तपशीलवार लॉग मूळ मांडणीत बंद असतो. ‘प्रिंटसर्व्हिस’खालचा ‘ऑपरेशनल’ लॉग चालू करावा, त्याचा आकार वाढवावा आणि नोंदी मध्यवर्ती लॉग-सर्व्हरकडे पाठवाव्यात. त्यातील ३०७ क्रमांकाची नोंद छापलेल्या प्रत्येक कामाची असते आणि ३१६ क्रमांकाची ड्रायव्हर जोडला किंवा बदलला गेल्याची. प्रशासकाने काही केलेले नसताना ३१६ दिसली, तर त्याच क्षणी चौकशी करावी. ३०७ मध्ये दस्तऐवजाचे खरे नाव गोपनीयतेसाठी दाखवले जात नाही. ते दाखवण्याचे धोरण उपलब्ध आहे, पण दस्तऐवजांची नावेही बरेच काही सांगून जातात, म्हणून तो निर्णय तांत्रिक विभागाने एकट्याने घेऊ नये.

खरा उपयोगी इशारा मात्र वेगळ्या ठिकाणी मिळतो. स्पूलरने किंवा छपाई-व्यवस्थापनाच्या सेवेने कमांड प्रॉम्प्ट अथवा पॉवरशेल सुरू करण्याचे प्रसंग फारच विरळ असतात. या सेवांच्या पोटी असे काही जन्मले तर तत्काळ सूचना यावी, असा नियम सुरक्षा-सॉफ्टवेअरमध्ये लिहावा. पेपरकटवरील हल्ले याच खुणेने ओळखता येत होते. त्याशिवाय व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लॉगमध्ये स्क्रिप्टविषयक संरचना बदलल्याच्या नोंदींवरही लक्ष असावे.

संशय आल्यास

सर्व्हर बंद करू नये, कारण मेमरीतील पुरावा नाहीसा होतो. त्याचे नेटवर्क तोडावे. लॉग आणि डिस्कची प्रत घ्यावी. सॉफ्टवेअरमध्ये साठवलेल्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड, म्हणजे डिरेक्टरी, मेल, फोल्डर आणि डेटाबेस या सर्वांचा, दुसऱ्या यंत्रावरून बदलावा. सर्वोच्च अधिकारांत परका कोड चाललेला सर्व्हर साफ करून वापरण्याचा मोह टाळावा आणि तो नव्याने उभारून संशयापूर्वीच्या बॅकअपमधून केवळ डेटा परत आणावा. या काळात कार्यालय थांबू नये म्हणून एक-दोन प्रिंटर यूएसबीने थेट एखाद्या संगणकाला जोडून चालवण्याची तयारी आधीच ठेवलेली असली, तर घाईघाईने सर्व्हर परत जोडण्याचा दबाव येत नाही.

पडताळणी, आणि जुना सर्व्हर काढताना

सगळे बदल झाल्यावर प्रशासकाच्या नव्हे, सामान्य कर्मचाऱ्याच्या संगणकावरून तपासावे. प्रिंटरचे वेब-पान उघडू नये. ९१०० वर जोडणी होऊ नये. व्यवस्थापनाचे पान नाकारले जावे. नवा ड्रायव्हर बसवण्याचा प्रयत्न पासवर्डवर अडावा. आणि नेहमीची प्रिंट मात्र पूर्वीइतक्याच वेळात निघावी. ही शेवटची अट गौण मानू नये, कारण छपाई अडखळू लागली की कोणीतरी पळवाट शोधते आणि ती पळवाट नोंदीत नसते. हीच तपासणी प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर आणि नवा प्रिंटर आल्यावर पुन्हा करावी.

नव्या सर्व्हरवर रांगा हलवल्यानंतर जुना सर्व्हर ‘काही दिवस राहू द्या’ म्हणून चालू ठेवला जातो आणि विस्मरणात जातो. त्यासाठी बंद करण्याची तारीख आधीच ठरवावी. त्या दिवशी त्याचे सेवा-खाते डिरेक्टरीतून काढावे, डीएनएसमधील नाव आणि मंजूर सर्व्हरांच्या धोरणातील नोंद पुसावी, प्रिंटरांच्या व्हीलॅनकडे जाणारा त्याचा फायरवॉल-नियम हटवावा आणि डिस्क पुसल्याची नोंद ठेवावी. मोडीत किंवा भाड्याच्या मुदतीनंतर परत जाणाऱ्या बहुउद्देशीय यंत्रांतही डिस्क असू शकते. ती पुसल्याशिवाय किंवा काढून घेतल्याशिवाय यंत्र बाहेर जाऊ देऊ नये.